मॉर्टगेजमधला ‘ट’

१९८३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. बँकेत लागून मला जेमतेम वर्ष झाले होते आणि कर्जविभागाच्या तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी माझी मुंबईला रवानगी झाली होती. वर्गात तीसेक जण होते. बहुतेक मुंबई-पुण्याचे, चारदोन मद्रासकडचे, आणि मराठवाड्यातला मी एकटा. तास गहाणखतांवर चालला होता. नुसते मालकीहक्काचे कागद बँकेच्या ताब्यात देऊन जे गहाण होते त्याला काय म्हणतात, असे प्रशिक्षकांनी विचारले. उत्तर मला पाठ होते. मी ताडकन उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, ‘‘इक्विटेबल मॉर्टगेज!’’

वर्ग हसला. का हसला ते मला कळेना. प्रशिक्षक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी हात वर करून सर्वांना गप्प केले आणि विचारले, ‘‘गाव कोणतं तुमचं?’’

‘‘परभणी.’’

‘‘उत्तर अगदी बरोबर आहे. पण त्यातला ‘ट’ तेवढा परभणीलाच ठेवून यायचा होता. मॉर्गेज म्हणतात त्याला.’’

वर्ग पुन्हा हसला. या वेळी मीही हसलो; दुसरे करण्यासारखे काही नव्हते. उरलेले दिवस मात्र मी त्या वर्गात तोंड उघडले नाही. उत्तरे येत होती, पण प्रत्येक उत्तरात कुठे ना कुठे असा एखादा ‘ट’ दबा धरून बसलेला असेल, अशी धास्ती वाटे.

त्या ‘ट’चा हिशेब मी नोकरीभर मनातल्या मनात मांडत आलो. आता निवृत्त होऊनही काही वर्षे झाली. खाते बंद करण्यापूर्वी जमाखर्च एकदा ताडून पाहावा, म्हणून हा लेख.

आमच्या पिढीला इंग्रजी भेटली ती डोळ्यांनी, कानांनी नव्हे. १९७० साली, पाचवीत गेल्यावर, गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या शाळेत एबीसीडीचा श्रीगणेशा झाला. शिकवणारे सर निजामी अमदानीत शिकलेले. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि शाळांतून शिक्षण उर्दूत होते. १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सारे विषय उर्दूतून आणि इंग्रजी मात्र सक्तीची, अशी व्यवस्था होती. त्यामुळे सरांच्या तोंडी इंग्रजी शब्द आला की त्याच्या अंगावर उर्दूची शेरवानी असायची. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’, ‘इस्टांप’. शब्दाच्या आरंभी ‘स’ला दुसरे व्यंजन जोडून आले की उर्दू जिभेला आधी एक ‘इ’ टेकू म्हणून लागतो. माझे वडीलही तसेच बोलत. ते पंचाहत्तराव्या वर्षीसुद्धा परभणीच्या इस्टेशनावरच उतरत.

सरांनी आम्हाला शब्द शिकवले ते फळ्यावर. जे लिहिले आहे ते वाचायचे, एवढाच नियम. मराठीत तो नियम बहुतांशी खरा आहे, मग इंग्रजीत का नसावा? म्हणून बुधवार हा ‘वेड्नेसडे’ झाला, कपाट हे ‘कपबोर्ड’ झाले आणि पोटाचे ‘स्टोमॅच’ झाले. यात आमचे अज्ञान होते हे कबूल. पण निष्काळजीपणा नव्हता. लिहिलेले अक्षर वाया घालवायचे नाही, हा शेतकऱ्याघरचा संस्कार म्हणा.

पुढे कर्जाचे दस्तऐवज चाळता चाळता मी या मुक्या अक्षरांच्या मागे लागलो, आणि गंमत वाटली. ‘मॉर्गेज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. ‘मॉर्ट’ म्हणजे मृत आणि ‘गेज’ म्हणजे तारण. मेलेले तारण! त्या मृत्यूचाच तो ‘ट’ होता, आणि इंग्रजांनी जिभेवरून तो पुसून टाकला तरी कागदावर जपून ठेवला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातल्या ‘बी’ची कथा याच्या अगदी उलट. इंग्रजांनी फ्रेंचांकडून हा शब्द घेतला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. पुढे विद्वानांना लॅटिनचा मोह पडला आणि मूळ लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण म्हणून त्यांनी लिखाणात ‘बी’ घुसवला. लोक आधीसारखेच ‘डेट’ म्हणत राहिले. पावतीला जो ‘रिसीट’ शब्द आहे त्यातल्या ‘पी’चेही तेच. म्हणजे कधीच न उच्चारलेले अक्षर विद्वानांनी लिहून ठेवले, आणि चारशे वर्षांनी ते प्रामाणिकपणे वाचले म्हणून परभणीचा पोरगा हास्यास्पद ठरला.

एकूण इंग्रजी लेखनाचीच ही तऱ्हा आहे. विल्यम कॅक्सटनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला आणि शब्दांची लेखनरूपे हळूहळू गोठत गेली. पण नेमक्या त्याच शतकांत इंग्रजांचे दीर्घ स्वर जागा सोडून सरकत होते. लेखन जागच्या जागी थांबले, उच्चार पुढे निघून गेला. जुन्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव राहावे आणि जमीन तीनदा विकली जावी, तसे झाले.

साहेबाचे इंग्रजी म्हणजे काही एकच एक वस्तू नाही, याचा पहिला संशय मला रेडिओने दिला. आमच्या गावात रेडिओ होता तो एका किराणा दुकानदाराकडे. १९७९ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडमध्ये होता. ओव्हलवर सुनील गावसकरांनी २२१ धावा काढल्या त्या रात्री त्या दुकानापुढे आम्ही वीसपंचवीस जण उभे होतो. शॉर्टवेव्हवर आवाज येई आणि जाई. त्या दौऱ्यात जॉन आर्लट यांचा आवाज प्रथम ऐकला. संथ, जाड आणि थोडा घोगरा. आम्ही समजत होतो तसा चकचकीत ‘बीबीसी’ आवाज तो नव्हताच. आर्लट हॅम्पशायरचे. त्यांच्या बोलण्याला त्यांच्या मुलखाची माती लागलेली होती आणि तिकडच्या खेड्यातला जाडसर ‘र’ त्यात डोकावे. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात भल्या पहाटे ॲलन मॅकगिलव्हरे ऐकू येत, आणि वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात बार्बाडोसचे टोनी कोझिअर. प्रत्येकाचे इंग्रजी निराळे, आणि प्रत्येक जण आपापल्या इंग्रजीत निवांत. कोणीही कोणाची माफी मागत नव्हता.

मग हळूहळू कळत गेले. ऑस्ट्रेलियातल्या सर्वसाधारण माणसाचा ‘टुडे’ परक्या कानाला ‘टु डाय’ असा लागतो, आणि ‘मी आज इथे आलो’ हे ‘मी इथे मरायला आलो’ असे ऐकू येते, हा जुना विनोद आहे. शेजारच्या न्यूझीलंडची ‘फिश’ ऑस्ट्रेलियन माणसाला ‘फश’ वाटते. अमेरिकन माणूस पाणी मागताना ‘वॉटर’मधला ‘ट’ इतका मऊ करतो की तो ‘वॉडर’ होतो. इंग्रजांचे ‘शेड्यूल’ अमेरिकेत ‘स्केजूल’, इंग्रजांचा ‘लेफ्टनंट’ अमेरिकेत ‘लूटेनंट’. आमच्या बँकेतला ‘क्लार्क’ हा अस्सल इंग्लंडचा, तर ‘क्लर्क’ हा अमेरिकेचा. आयरिश माणूस ‘थिंक’ आणि ‘दॅट’ म्हणताना पुष्कळदा आपल्यासारखीच जीभ दातांना टेकवतो. लंडनच्या शिक्षकाने सांगितलेला, दातांच्या फटीतून वारा सोडणारा आवाज तो काढत नाही. आपण तसे केले की ती चूक. आयरिश माणसाने केले की तो गोडवा.

या साऱ्यात ‘र’ची कथा सर्वांत बोलकी आहे. आपण मराठी माणसे ‘कार’, ‘कार्ड’, ‘फादर’ यांतला ‘र’ स्वच्छ उच्चारतो. लंडनच्या प्रतिष्ठित उच्चारात तो ऐकू येत नाही; ‘काऽ’, ‘काऽड’, ‘फादऽ’ असे काहीसे होते. आमचे काही सहकारी मुंबईत राहून तसा ‘र’ गिळायला शिकले होते, आणि त्यामुळे त्यांना आपण सुधारलो असे वाटे. पण शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडमध्ये हा ‘र’ सर्रास उच्चारला जात होता. जॉन वॉकर नावाच्या कोशकाराने १७९१ साली आपल्या उच्चारकोशात लंडनमधला ‘र’ फार मऊ होत चालल्याची नोंद केली आहे. म्हणजे ‘र’ गिळण्याची ही तऱ्हा तशी अलीकडची. स्कॉटलंड, आयर्लंड, बहुतेक अमेरिका, कोझिअरांचे बार्बाडोस या सर्वांनी ‘र’ टाकला नाही. आपल्याकडे इंग्रजी घेऊन आलेल्यांत तर स्कॉटिश मंडळी पुष्कळ होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, मुंबईत १८३२ साली विल्सन कॉलेजचा पाया घालणारे डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश. आमच्या शेजारी, जालन्याजवळ, एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी उभे केलेले मिशनही स्कॉटिश चर्चचेच. तेव्हा परभणीच्या ‘र’ला लाजण्याचे कारण नाही. तो बऱ्यापैकी खानदानी आहे.

पण खानदान हा मुद्दाच नव्हे, हे न्यूयॉर्कच्या एका अभ्यासाने दाखवून दिले. १९६२ साली विल्यम लबॉव्ह नावाचा भाषाशास्त्राचा तरुण अभ्यासक तिथल्या तीन मोठ्या दुकानांत गेला. एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे, एक गरिबांचे. चौथ्या मजल्यावर कोणती वस्तू मिळते ते तो आधी पाहून ठेवी आणि विक्रेत्यांना विचारी, ही वस्तू कुठे मिळेल? उत्तर यायचे, ‘फोर्थ फ्लोअर’. ऐकू आले नाही असे भासवून तो पुन्हा विचारी. मग तेच उत्तर जरा जपून येई. त्याला फक्त दोन ‘र’ मोजायचे होते. श्रीमंतांच्या दुकानात ‘र’ जास्त, गरिबांच्या दुकानात कमी, असे निघाले. न्यूयॉर्कमध्ये ‘र’ म्हणणे ही प्रतिष्ठा आणि गिळणे हे गरिबीचे लक्षण. लंडनमध्ये ‘र’ गिळणे ही प्रतिष्ठा आणि म्हणणे हे खेडवळपणाचे! ध्वनी तोच. मग प्रतिष्ठा कुठे राहिली? ती ध्वनीत कधी नव्हतीच. ज्यांच्या खिशात पैसा आणि हातात खुर्ची, त्यांच्या जिभेवर ती बसलेली असते, आणि ते जिकडे जातील तिकडे जाते.

इंग्लंडमध्येही हे भोगणारे कमी नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. त्याचा उत्तरेकडचा उच्चार ऐकून काही श्रोत्यांनी तक्रार केली की या तोंडून आलेली बातमी खरी वाटत नाही. बातमी तीच, कागद तोच, केवळ स्वर निराळा. मुंबईच्या त्या वर्गात माझ्या बरोबर उत्तराचे जे झाले तेच त्याच्या बातमीचे झाले.

दोष एकट्या इंग्रजीला देऊन मात्र आपल्याला सुटता यायचे नाही. मी पुण्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी इंग्रजी सोडाच, मराठीच करमणुकीचा विषय झाली होती. ‘‘काय करू लालाव?’’ किंवा ‘‘कामून नाही येत?’’ असे माझ्या तोंडून गेले की समोरचा आधी हसे आणि मग अर्थ विचारी. ‘पानी’ म्हणालो की ‘ण’ची आठवण करून दिली जाई. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले आणि १९७५ साली ते रंगभूमीवर आले, तेव्हा मराठी प्रेक्षकाला त्यातले काहीच परके वाटले नाही. शॉ यांनी लंडनमध्ये पाहिलेली उतरंड आपल्या दारातही होतीच. उच्चारावरून माणसाचे गाव, आणि गावावरून त्याची लायकी ठरवण्याची कला आपण साहेबाकडून शिकलेलो नाही.

परकी भाषा आपल्या जिभेवर आली की ती आपला पोशाख घालते, यात गैर ते काय? आपण ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ केला, ‘प्लॅटून’ची ‘पलटण’ केली, ‘ऑर्डर्ली’चा ‘अर्दली’ केला. इंग्रजांनी तरी दुसरे काय केले? त्यांचा ‘मंगूस’ हा आपला मुंगूस. शब्द मराठीतून उचलला आणि स्वतःच्या जिभेला सोयीचा करून घेतला. लंडनमध्ये ‘मंगूस’ म्हणणाऱ्या माणसाला कुणी मराठी उच्चारावरून वर्गात उभे केल्याचे ऐकिवात नाही.

मराठी माणसाच्या इंग्रजी उच्चाराचा शास्त्रोक्त अभ्यासही झालेला आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे थोर भाषावैज्ञानिक डॉ. अशोक केळकर यांनी १९५७ साली ‘मराठी इंग्लिश’ या नावाचा निबंध एका अमेरिकी भाषाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. मी जन्मण्याआधी कुणी तरी आपल्या ‘ट’कडे हसण्याचा नव्हे, अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले होते, या जाणिवेनेच मला बरे वाटले.

आपली मराठी जीभ तशी या कामात अगदी लंगडी नाही. ‘झाड’ आणि ‘जमीन’ म्हणणाऱ्याला ‘झिरो’ जमतो; उत्तरेकडच्या अनेकांचा तो ‘जीरो’ होतो. ‘बँक’मधला ‘अ’ आणि ‘ए’ यांच्या मधला स्वर दाखवायला आपण अर्धचंद्र वापरात आणला, ‘डॉक्टर’साठी ‘ऑ’ आणला. माझ्या नोकरीचा सारा पसारा त्या एका अर्धचंद्राखाली झाला! ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ यांतला भेद आपण निदान लिखाणात तरी दाखवतो.

मात्र काही उणिवा खऱ्या आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. इंग्रज माणूस ‘टाइम’, ‘पेन’, ‘कार’ असे शब्द उच्चारतो तेव्हा पहिल्या व्यंजनाबरोबर थोडा श्वास सोडतो. ते जवळपास ‘ठाइम’, ‘फेन’, ‘खार’ असे असते (यातला ‘फ’ आपल्या आजीच्या ‘फूल’मधला, ओठ मिटून काढलेला). आपण श्वास न सोडता कोरडा ‘ट’ काढतो, आणि त्याला तो ‘ड’ वाटू शकतो. ‘पिन’ म्हटले तर तो ‘बिन’ ऐकतो. विनोद असा की, ट-ठ, प-फ, क-ख हा भेद आपल्या मुळाक्षरांत पहिल्या दिवसापासून आहे, तरी तो इथे वापरायचे कुणी आपल्याला सांगत नाही. दुसरी उणीव आघाताची. इंग्रजी शब्दात एखाद्या अक्षरावर जोर असतो आणि बाकीची अक्षरे आखडून बसतात. ‘कमिटी’त जोर ‘मि’वर, ‘डेव्हलपमेंट’मध्ये ‘व्हे’वर. आपण सर्व अक्षरांना समान वागणूक देतो किंवा भलत्यालाच मान देतो. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी मध्यवर्ती संस्था निघाली. तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्यांना कितपत समजते यावर १९६९ साली प्रबंध प्रसिद्ध केला. शब्दातला आघात चुकणे हे न समजण्याचे एक मोठे कारण म्हणून त्यातून पुढे आले. यात मुका ‘ट’ आणि मुका ‘बी’ कुठे बसतात? माझा ‘मॉर्टगेज’ त्या वर्गातल्या प्रत्येकाला कळला होता. कळला म्हणूनच तर सारे हसले.

आता या खात्याची नावेची बाजू लिहायला हवी. ती लिहिण्यासाठीच इथवर आलो.

२००६ च्या सुमारास मी स्वतः खुर्चीवर होतो. कारकुनातून अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्या तिघांत माझे नाव होते. जिंतूरकडच्या एका शाखेतला एक मुलगा आला. तिशीचा असेल. पीककर्जाबद्दल जे विचारावे ते त्याला येत होते. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा कशी ठरवायची, कोरडवाहू कापसाला आणि बागायती उसाला वेगळा हिशेब का, थकबाकीदार शेतकऱ्याच्या दारात कोणत्या महिन्यात जायचे आणि कोणत्या महिन्यात जायचे नाही, हे सारे. बोलत होता इंग्रजीतून, अडखळत पण अर्थाला धरून. मग ‘बॅड डेब्ट्स’ असे तो म्हणाला. ‘ब’ स्पष्ट, ठसठशीत. माझ्या शेजारच्या साहेबांनी माझ्याकडे पाहून ओठाच्या कोपऱ्यातून स्मित केले.

आणि मीही केले.

तेवीस वर्षांपूर्वी ज्या हसण्याने माझे तोंड शिवले होते, तेच हसू मी किती सहज परत केले! वर संभाषणकौशल्याच्या रकान्यात मी त्याला दहापैकी चार गुण दिले. त्याने ते स्मित पाहिले असावे. त्यानंतरची त्याची उत्तरे तोकडी झाली. यादीत त्याचे नाव थोड्या गुणांनी गेले. पुढच्या खेपेला तो मुलाखतीला बसलाच नाही, असे मला दोन वर्षांनी कळले. माझ्या हातून अनेक कर्जे बुडाली असतील, त्यांची झोप मी कधी फारशी मोडून घेतली नाही. हे चार गुण मात्र अजून माझ्या नावे येणे दिसतात.

मी तसे का केले, याचा विचार पुष्कळ केला. मला ‘डेट’ म्हणता येते, हे शेजारच्या साहेबांना दाखवायचे होते. दुसरे काही कारण नाही. उच्चारावर हसणारा माणूस बहुधा आपण कुठून आलो ते विसरू पाहत असतो.

जग आता पुष्कळ पुढे गेले, असे म्हणतात. काश्मीरमधून अमेरिकेत गेलेले भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली. जन्मभाषा म्हणून ती बोलणाऱ्यांचे आतले, भारत-नायजेरियासारख्या देशांचे बाहेरचे, आणि परकी म्हणून शिकणाऱ्यांचे पसरत जाणारे. बाहेरच्या वर्तुळातल्या इंग्रजीलाही स्वतःचा कायदा आहे, ती बिघडलेली नक्कल नव्हे, हे त्यांनी ठासून सांगितले. पुस्तकांत हे मान्य झाले. पण बाजारात? माझी एक पुतणी पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये काही वर्षे होती. रात्रपाळीला ती अमेरिकन नाव धारण करी आणि ‘वॉडर’ म्हणे. सकाळी आईला फोन करताना ‘‘काय करू लालीस?’’ विचारी. २०२५ साली तर एका मोठ्या फ्रेंच कंपनीने असे यंत्र आणल्याचे जाहीर केले की, भारतीय कर्मचारी बोलत असतानाच त्याचा उच्चार अमेरिकन कानाला रुचेल असा बदलून पलीकडे जातो. पुतणीला निदान स्वतः शिकावे तरी लागले होते. आता माणसाने बोलायचे आणि त्याचे गाव यंत्राने पुसायचे.

बोललेले टिपून घेणारी यंत्रेही कुणाची तरी बाजू घेतात. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका होत होत्या, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात ३५. जन्मभर इंग्रजीच बोलणाऱ्यांची ही गत, तर सोनपेठ-पालमच्या मुलांनी काय करावे?

त्यांनी शिकावे, हेच उत्तर आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाली. आमच्यासारखी पाचवीपर्यंत वाट पाहावी लागत नाही. पण काय शिकवायचे याचा क्रम लावायला हवा. ज्याने ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो ते आधी: शब्दातला आघात, ‘पिन’ आणि ‘बिन’, ‘व्ह’ आणि ‘व’. मुकी अक्षरे कळतील तशी कळतील. ती शब्दकोशात सापडतात आणि दोन दिवसांत सुधारतात. आणि ‘र’, ‘थ’, बोलण्याची आपली लय ही आपल्या गावची खूण आहे, ती राहू द्यावी. आर्लटने ठेवली, कोझिअरने ठेवली. मुलांना एकाऐवजी दहा देशांची इंग्रजी ऐकवावी, म्हणजे साहेब एक नाही हे त्यांना माझ्यासारखे किराणा दुकानापुढे उभे राहून कळण्याची गरज पडणार नाही.

गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या एका शाळेत बक्षीस समारंभाला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर सातवीतली एक मुलगी वही घेऊन आली. स्वाक्षरी हवी असेल असे वाटले, तर तिने विचारले, ‘‘सर, बुधवारला वेड्नेसडे म्हणायचं की वेन्सडे? आमच्या घरी दादा हसतो मला.’’

मी म्हटले, ‘‘वेन्झडे म्हण बाळ. सगळीकडे तसंच म्हणतात, तेव्हा ते शिकून घे. आणि उद्या तुझ्यासमोर कुणी वेड्नेसडे म्हणालं, तर त्याला सांग. हसू मात्र नकोस.’’

तिने दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या.